अण्णांच्या गाडीचं मिसिंग

"गाडी मिसिंग मारतेय," अण्णा दारातूनच म्हणाले आणि किल्ली खुंटीला न लावता माझ्या लॅपटॉपवर ठेवली. मी मीटिंगमध्ये होतो. पडद्यावरच्या नऊ जणांनी माझ्या वडिलांचा इस्त्रीचा शर्ट आणि किल्ल्यांचा जुडगा पाहिला. मी आवाज बंद करून म्हटलं, "नंतर बघू."

"नंतर नाही. आत्ता गरम आहे तोवर बघ. गार झाली की चोर सापडायचा नाही."

वीस मिनिटांनी मी खाली गेलो, गाडी सुरू केली, सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या. इंजिन एकसारखं चालत होतं. वर येऊन तसं सांगितलं, तर अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दहावीत भूमितीत कमी मार्क मिळवले तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. "तू एसी लावून बसतोस," ते म्हणाले. "तुला काय ऐकू येणार?"

घरी आम्ही वडिलांना अण्णा म्हणतो. बंगळुरात ते जरा पंचाईतीचं आहे. इथे रिक्षावाला अण्णा, भाजीवाला अण्णा, आमच्या सोसायटीचा वॉचमनही अण्णा. ते इथे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मी बाजारात कुणालाही 'अण्णा' म्हणून हाक मारली, की हे मागे वळून बघायचे. पुढे त्यांनी वळायचं सोडून दिलं, आणि मला त्याचं उगाचच वाईट वाटलं.

सांगलीकडच्या एका इंजिनांच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं काढली. शेवटची बारा वर्षं ते टेस्टिंगला फोरमन होते. तयार इंजिन गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यांच्यापुढे चालवलं जायचं, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय ते दाराबाहेर पडायचं नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि ते माझ्याकडे आले. सामान मी टेम्पोने आणवलं, ते मात्र स्वतःच्या गाडीतून आले, एकटे, हुबळीला एक मुक्काम करून. तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि गाडी सोळा वर्षांची. मी फोनवर बराच आरडाओरडा केला होता. पोहोचल्यावर त्यांनी मला फक्त गाडीने किती अ‍ॅव्हरेज दिलं ते सांगितलं.

या शहरात त्यांचं काम एकच. दुपारी अडीचला निघायचं आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला शाळेतून घेऊन यायचं. शाळेची बस होती, पण ती सगळं यशवंतपूर फिरवून तासाभराने पोर घरी सोडायची, म्हणून अण्णांनी पहिल्याच महिन्यात बस बंद करायला लावली. जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस. तयारी मात्र एक वाजल्यापासून. शर्टाला इस्त्री, गाडीच्या काचा पुसणं, हवा बघणं. येताना गाडीत त्या दोघांचं काय बोलणं चालायचं ते मला कधीच कळलं नाही. घरात शिरताना दोघंही एकमेकांकडे बघून हसत असायचे आणि मी विचारलं तर मुलगी म्हणायची, "तुला नाही कळणार." कन्नड त्यांना येत नव्हतं, हिंदी कारखान्यापुरती होती, ओळखीचं कुणी नव्हतं. एकदा ते सहज म्हणाले होते, "एवढं एक काम आहे बघ माझ्याकडे." मी तेव्हा फोनमध्ये बघत होतो, पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

तर हे मिसिंग. जाताना काही नाही. शाळेशी पोहोचता पोहोचता किंवा परत येताना, म्हणजे अर्धा तास गाडी चालली की, इंजिनाचा ठोका मध्येच गायब व्हायचा. दोन सेकंद, तीन सेकंद. मग झटका देऊन परत यायचा. अण्णांच्या मते हे सरळ होतं. गरम झाल्यावर दगा देतेय, म्हणजे कॉइल किंवा वायर. मी विचारलं, "आवाज कसा येतो?"

"आवाज मागाहून येतो. आधी पायाला कळतं."

हे मला नवीन नव्हतं. कारखान्यात ते टेस्टिंगच्या वेळी बूट काढून इंजिनाशेजारी अनवाणी उभे राहायचे. सेफ्टीवाल्यांनी त्यांना दोनदा लेखी ताकीद दिली होती आणि ती दोन्ही पत्रं त्यांनी अभिमानाने जपून ठेवली होती. कान फसतो, तळवा फसत नाही, असं त्यांचं ठाम मत. हल्ली गाडीही ते चपला काढून चालवायचे. मुलगी म्हणायची, आजोबा देवळात शिरल्यासारखे गाडीत शिरतात.

रविवारी त्यांनी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. मी शोभेला उभा होतो, मुलगी मदतीला. गाडी सुरू ठेवून प्लगची एकेक वायर कोरड्या फडक्याने धरून काढायची, आवाज ऐकायचा, परत लावायची. ते तिला समजावत होते, "चार माणसं टेबल उचलून चाललीत असं समज. एकाने हात काढला की टेबल कलणार. आणि एकाने हात काढूनही नाही कललं, तर?"

"तर तो नुसता हात लावून चालला होता," मुलगी म्हणाली.

"शाब्बास. तो नुसता हात लावून चालणारा शोधायचा आपल्याला."

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती दोघं पुन्हा हसली. पहिली वायर काढली, इंजिन लंगडलं. दुसरी, तिसरी, चौथी, प्रत्येक वेळी लंगडलं. म्हणजे चारही सिलिंडर कामाला. यात खरं तर आनंद मानायला हवा होता, पण अण्णांचा चेहरा पडला. नीट चालणारं इंजिन त्यांच्या काहीच उपयोगाचं नव्हतं. त्यांना दोष हवा होता.

मी गाडी मिस्त्रीकडे न्यायला सांगितलं. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे त्याचं गॅरेज आहे. बाजारात नगर-नाशिककडून कांद्याचे ट्रक येतात, त्यांची किरकोळ कामंही तो करतो. त्या ड्रायव्हरांकडून त्याने 'या', 'बसा', 'उद्या या' एवढं मराठी उचललं होतं आणि आम्ही दिसलो की तो ते मुद्दाम बोलून दाखवायचा. मला त्याचं कौतुक वाटायचं. माझं स्वतःचं कन्नड सात वर्षांत 'स्वल्प' आणि 'सरी' या दोन शब्दांच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. थोडंसं आणि ठीक आहे. या दोन शब्दांवर मी सात वर्षं हे शहर निभावून नेलं होतं आणि मला कन्नड कळतं असं सगळ्यांना सांगत होतो.

अण्णांना तो 'यजमान्रु' म्हणायचा. घरातल्या मोठ्या माणसाला तिकडे तसं मानाने म्हणतात. अण्णांना ते आवडायचं. निदान अण्णा तरी म्हणत नव्हता.

मिस्त्रीने स्कॅनर लावला. स्कॅनरने काही दाखवलं नाही. प्लग काढून पाहिले, चारही विटकरी, कोरडे, जसे असावेत तसे. मग एका बुधवारी अण्णा एकटेच गेले आणि मिस्त्रीला शेजारी बसवून तासभर गाडी फिरवून आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "आला की झटका! दोनदा आला. मिस्त्रीने स्वतः पाहिला." ते इतके खूश होते, की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गाडी गॅरेजमध्येच ठेवून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आणायला मी गेलो. मिस्त्रीने हात पुसले, मला ट्रकच्या आडोशाला नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "यजमान्र काल प्रॉब्लेम, सार. गाडी सरी इदे."

यात न समजण्यासारखं काय होतं? यजमानांना काल प्रॉब्लेम आला, आता गाडी ठीक आहे. मराठी माणूस बघून बिचाऱ्याने 'काल'सुद्धा शिकून घेतला, असं मला वाटलं. मी म्हटलं, "हो हो, काल. परवा पण."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "परवागिल्वा, सार?"

माझा शब्द तो घोळवून बघतोय असं समजून मी हसलो. "हो, परवा."

"सरी," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा काही सरी नव्हता. तेवढं मला दिसलं होतं. दिसूनही मी गाडी घेऊन निघून आलो, कारण अकराला मीटिंग होती.

पुढचे तीन आठवडे आम्ही गाडीला एकेक नवा अवयव बसवला. आधी प्लग, मग वायरी. मग पेट्रोलचा फिल्टर. मग कॉइल, कारण अण्णांची वही म्हणत होती की कॉइलच. वहीत ते रोज लिहायचे, निघाल्याची वेळ, ऊन की ढग, झटका कुठल्या चौकात, किती सेकंद. मिस्त्री सांगू ते बदलून द्यायचा, काही बोलायचा नाही. फक्त दर वेळी आम्ही गाडीत बसताना तो अण्णांकडे बोट करून मला म्हणायचा, "स्वल्प नोडी, सार." थोडं बघा. मी म्हणायचो, "सरी, सरी." मला वाटायचं तो काळजी घ्या म्हणतोय, म्हाताऱ्या माणसाची घ्यावी तशी.

आणि मी एकदाही झटका अनुभवला नाही. शनिवारी मी गाडी इथल्या शिवाजीनगरपर्यंत नेऊन आणायचो, रहदारीत, चढावर, एसी बंद करून, काचा खाली करून, शहाण्यासारखा कान देऊन. काही नाही. घरी येऊन अण्णांना हे सांगायचं मला धैर्य होईना. मी नुसता "बघितली" म्हणायचो आणि ते वहीत माझ्या नावापुढे रेघ मारायचे. चिडचिड व्हायची. गाडीवर व्हायची, मिस्त्रीवर व्हायची, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावरही व्हायची. एखादा दोष फक्त एकाच माणसाला दिसतो, तेव्हा काय समजायचं, हा साधा विचार इंजिनिअर असून माझ्या डोक्यात आला नाही. कसा येणार? या विषयात ते फोरमन होते आणि मी नुसता हात लावून चालणारा.

मुलगी मात्र सांगत होती. एकदा म्हणाली, "बाबा, गाडी उचक्या देते." एकदा म्हणाली, "उचकी आली की आजोबा खाली बघतात." मी म्हटलं, "ते आवाज कुठून येतो ते बघत असतील."

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी ती दोघं घरी आली ती न हसता. अण्णा सरळ त्यांच्या खोलीत गेले. मुलीने दप्तर काढलं आणि म्हणाली, "आज खूप मोठी उचकी आली. शाळेच्या वॉचमन अंकलची खुर्ची तुटली."

मला तिच्याकडून सगळं दोनदा वदवून घ्यावं लागलं. ती गाडीत बसली होती. शाळेच्या फाटकाशी गाडी हळूहळू पुढे सरकत होती, मध्येच थांबली आणि मग एकदम उसळली. फाटकाजवळची प्लास्टिकची खुर्ची चाकाखाली गेली. वॉचमन एका लहान मुलाला रस्ता ओलांडून द्यायला नुकताच उठला होता.

मी अण्णांच्या खोलीत गेलो. ते कॉटवर बसून वहीत लिहीत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिसिंगच. ठोका गेला म्हणून मी जरा जास्त दाबला, तेवढ्यात परत आला." माझ्या काळजात धस्स झालं होतं, आणि मला धस्स झालं की मी कुणावर तरी ओरडतो. त्यांच्यावर ओरडता येत नव्हतं. मी मिस्त्रीला फोन लावला आणि हिंदीत, मराठीत, तोंडाला येईल त्या भाषेत ओरडलो. माझी मुलगी आहे त्या गाडीत, म्हटलं. तीन आठवडे तुम्ही काय करताय? तो सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, "उद्या या."

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो. अण्णा चालवायला, मिस्त्री त्यांच्या शेजारी, मी मागे, मुलगी बसते त्या जागेवर. सीटच्या फटीत तिचं खोडरबर होतं. तुमकूर रोडने बाहेर, परत आत, चौक, सिग्नल, पुन्हा चौक. पंचवीस मिनिटं काहीच नाही. अण्णा गाडी चालवतात छान, अजूनही. गिअर कधी पडला ते कळत नाही. मी मनात म्हणत होतो, ये रे बाबा, आज माझ्यासमोर ये.

उड्डाणपुलाच्या चढावर तो आला. गाडी एकदम सैल पडली, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मग ती अशी अडखळली, की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मी अक्षरशः ओरडलो, "आला! आला!" तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला तो सापडला होता आणि मला लहान मुलासारखा आनंद झाला.

मिस्त्रीने बॉनेटकडे पाहिलंही नाही. त्याचा उजवा हात मुळातच हँडब्रेकवर होता, निघाल्यापासून असणार. तो खाली, अण्णांच्या पायांकडे बघत होता. मीही वाकून पाहिलं. अण्णांचा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता. तो घसरून बाजूला, बोटं वळून, पडला होता, आणि अण्णांचा गुडघा मात्र जोर लावत होता, पाय जागेवर असल्यासारखा. त्यांनी खाली बघितलं, पाय शोधला, उचलून पेडलवर ठेवला. गाडी हिसका देऊन पुन्हा चालू लागली.

"स्वल्प निल्सी, यजमान्रे," मिस्त्री म्हणाला आणि पूल उतरल्यावर त्याने हाताने कडेला थांबण्याची खूण केली. गाडी थांबली. तो मागे वळला. "अवत्ते हेळ्दे अल्वा, सार?" त्याच दिवशी सांगितलं होतं ना. आणि त्याने स्वतःच्या मांडीवर, मग नडगीवर थाप मारली. "काल. काल. नीवु परवागिल्ला अंद्रि." तुम्हीच परवागिल्ला म्हणालात.

काल म्हणजे पाय. यजमानांचा पाय, प्रॉब्लेम तिथे आहे, गाडी ठीक आहे. माणसाने मला ट्रकच्या आडोशाला नेऊन, अण्णांचा मान राखून, हळू आवाजात अचूक निदान सांगितलं होतं. मी 'परवा' म्हणालो, आणि त्याच्या कानांना ते 'परवागिल्ला'सारखं लागलं, म्हणजे हरकत नाही, चालतं. त्याने डोळे विस्फारून विचारलं होतं, चालेल का, सर? आणि मी हसून हो म्हटलं होतं. त्यानंतर तीन आठवडे, रोज दुपारी, माझी मुलगी त्या गाडीत बसून येत होती. मी काच खाली केली.

"काय म्हणतोय तो?" अण्णांनी आरशातून विचारलं.

मिस्त्री माझ्याकडे बघत होता, अण्णा आरशात बघत होते. कन्नड येणारा एक आणि मराठी येणारा एक, आणि मध्ये दोन्ही येतात म्हणणारा मी. कॉइल म्हणतोय, असं सांगावंसं वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण कॉइल बदलून झाली होती.

"कन्नडमध्ये काल म्हणजे पाय, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. चपला शोधल्या. डावी सापडली. उजवीत पाय गेलाय की नाही हे कळायला त्यांना खाली वाकून बघावं लागलं. मग ते उतरून शेजारच्या सीटवर आले आणि गाडी मिस्त्रीने परत आणली.

घरी आल्यावर ते कडाडले. मला त्याचं बरंच वाटलं. गप्प बसले असते तर मी काय केलं असतं कोण जाणे. "चौदा वर्षं शुगर आहे मला, पण पाय माझे आहेत," ते म्हणाले. "तुझ्या मिस्त्रीने एकदा खाली बघितलं आणि निकाल दिला? टेस्ट केली का? टेस्ट केल्याशिवाय मी साधा व्हॉल्व्ह भंगारात टाकला नाही कधी. माणूस टाकतोस?"

"टाकत नाहीये अण्णा."

"मग टेस्ट कर. डॉक्टरकडे ने. पास झालो तर सोमवारपासून तिला मीच आणणार. आणि नापास झालो तर किल्ली तुझी, एक शब्द बोलणार नाही. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? त्यांच्याजवळ जे एकमेव काम होतं ते त्यांनी स्वतःच तराजूत टाकलं होतं, आणि ज्या खात्रीने टाकलं ती बघून मला रडू येत होतं. बायको इंदिरानगरच्या ऑफिसातून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. 'परवा'चंही सांगितलं. ती मुलीच्या खोलीत गेली आणि बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिली. ते पास व्हावेत असं मला वाटत होतं, आणि होऊ नयेत असंही वाटत होतं, आणि दोन्ही अगदी मनापासून.

शनिवारी सकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो, कॅबने. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, पाय साबणाने घासून धुतले होते, नखं कापली होती. बाई कन्नड आणि इंग्रजी बोलणाऱ्या, त्यामुळे मध्ये पुन्हा मीच. त्यांच्याकडे एक दांडी होती, तिच्या टोकाला नायलॉनचा दोरा, माशाच्या गळाला असतो तसा. तो दोरा त्यांनी आधी अण्णांच्या हातावर टेकवून दाखवला. "हा पायाला लागला की हो म्हणायचं," मी सांगितलं. "डोळे मिटून."

"एकूण किती वेळा?" अण्णांनी विचारलं.

"ते सांगत नाहीत."

"बरोबर आहे. सांगू नये," ते म्हणाले. परीक्षा घेणाऱ्याचा मान ठेवून त्यांनी पाठ ताठ केली आणि डोळे मिटले.

डाव्या पायापासून सुरुवात झाली. दोरा अंगठ्याला टेकला. "हो." मधल्या बोटाला टेकला, ते गप्प. तळव्याला टेकला. "हो." टाचेला पुन्हा, "हो." बाई कागदावर खुणा करत होत्या आणि मी नकळत बोटं मोजत होतो. चारात तीन. माझ्या मनात एक वेडी आशा डोकावली. या पायाने फक्त क्लच दाबायचा असतो हे मी विसरलो.

मग उजवा. दोरा अंगठ्यावर टेकला आणि वाकला. अण्णा कान देऊन बसल्यासारखे बसले होते, भुवया जवळ आलेल्या. तळव्यावर टेकला. बोटांखाली टेकला. बाईंनी जरा जोर दिला, दोरा कमानीसारखा वाकला. खोलीत नुसता पंख्याचा आवाज होता. ही शांतता जास्त वेळ चाललीय हे अण्णांनाही कळलं असावं.

"हो," ते म्हणाले.

बाईंचा हात तेव्हा वर, हवेत होता. त्या थांबल्या. अण्णांनी डाव्या पायाच्या वेळी मनात अंतर मोजून ठेवलं असणार, कारण तेवढाच वेळ जाऊ देऊन ते पुन्हा म्हणाले, "हो." तोच आवाज, शांत, खात्रीचा. बाईंनी दोरा ट्रेमध्ये ठेवून दिला आणि हात मांडीवर घेतले.

"हो," अण्णा म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डोळे उघडा असं त्यांना मराठीत सांगायचं होतं, म्हणजे मीच सांगायचं होतं. अण्णा ताठ बसले होते. धुतलेले पाय त्यांनी अगदी सरळ जुळवून ठेवले होते. मी तोंड उघडलं.

"हो," अण्णा म्हणाले.